लुगड्याची पट्टी आणि सायलीचा पाय

हिराआत्या, जेट्टीच्या तोंडाशी तुझा फ्लेक्स लागलाय. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'हजारो बाळांची माय हरपली.' हजारो! आपल्या कोळीवाड्यात घरं किती, त्यात बाळंतपणं किती, याचा हिशेब करायला कोणाला वेळ आहे? तुझ्या फोटोमागं निळं आकाश चिकटवलंय आणि खाली श्रद्धांजली वाहणाऱ्या सात जणांचे गॉगल लावलेले फोटो आहेत. त्यातल्या एकालाही तू कधी 'मेल्या' शिवाय हाक मारली नव्हतीस. दहाव्याला तर भाषणसुद्धा झालं. "आत्याच्या हातात देव होता." मी पुढच्या खुर्चीत बसून ऐकत होते. तुझ्या हातात मशेरीची डबी होती आणि जुन्या लुगड्याची पट्टी होती, हे मी शपथेवर सांगते. देव मला तरी कधी दिसला नाही.

तुझ्याबद्दल वाईट बोलायचा पहिला हक्क माझा. मी तुझ्या सख्ख्या भावाची पोर. चार वर्षांची असताना आई गेली आणि तू मला वाढवलंस. गावातल्या गावात माझं लग्नही तूच जमवलंस. तू गावातली बाळं न्हाऊ घालायचीस, बांधायचीस, झोपवायचीस, आणि मी आशाताई झाल्यापासून तुझ्या मागोमाग जाऊन तीच बाळं सोडवायची. माझी सायली डावा पाय ओढत चालते तो हिराआत्याच्या बांधण्यामुळं, हे तर गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. एवढं सगळं असताना लोक मला म्हणतात, ताई, दोन शब्द बोला. मी म्हटलं, माझा घसा बसलाय.

दोन शब्दांत मावण्यासारखी तू नव्हतीसच. तुझी ती पद्धत आठवली की अजून माझं डोकं फिरतं. बाळाला न्हाऊ घातलं, ओव्याची धुरी दिली, की लंगोट, झबलं, टोपडं, वर स्वेटर, आणि मग ती पट्टी. नऊवारीचा मऊ झालेला हातभर रुंद पट्टा. दोन्ही पाय ताणून एकमेकांना जोडायचे, हात कुशीला लावायचे, आणि छातीपासून घोट्यापर्यंत फेरे घ्यायचे. "पाय सरल व्हतात. हात उडून पोर दचकत न्हाय." शेवटचं टोक आत खोचायचं, गाठ मारायची नाही, ही तुझी ऐट. डोक्याखाली राईची उशी, वरून दुपटं थेट हनुवटीपर्यंत आणि खिडकी बंद. का, तर खारं वारं सांध्यात बसतं. बाप जन्मभर समुद्रावर, आजा समुद्रावर, आणि पोराला समुद्राच्या वाऱ्याची भीती! असली अक्कल कुठं विकत मिळते ते मला कधी कळलं नाही.

तो मे महिना आठवतो का? खालच्या आळीतली बाळंतीण धावत आली, पोराला ताप आलाय म्हणून. जाऊन बघते तर बाळ लालबुंद, मान घामानं चिंब. मी सोडायला घेतलं. एक दुपटं, दुसरं दुपटं, पट्टी, लोकरीचं टोपडं, मोजे, स्वेटर, आत पुन्हा एक झबलं. सगळ्यात शेवटी बाळ निघालं, नशीब. एक सुती झबलं ठेवलं, खिडकी उघडली, आईला म्हटलं पाज त्याला. अर्ध्या तासात ताप कुठल्या कुठं. मी आईला समजावत होते की हातपाय गार लागले म्हणजे बाळ गारठलं असं नसतं, मानेमागं हात घालून बघायचं, तिथं घाम असला तर एक कपडा कमी कर. तू दारात उभी राहून सगळं ऐकत होतीस. म्हणालीस, "तुज्या कागदात बरा ताप उतरवायचा लिवलाय. दूध येतं का गो त्याच कागदातून?" बाया हसल्या. माझ्यावर हसल्या, तुझ्यावर नाही. तेव्हापासून माझा तुझ्यावर आणखी एक राग.

अंगणवाडीतल्या मातांच्या बैठकीला तू मुद्दाम यायचीस. तुला काय काम होतं तिथं? मागं भिंतीला टेकून बसायचीस आणि मी चिंध्यांच्या बाहुलीवर दाखवायची. बाळ उताणं झोपवायचं. उशी नको, झोपताना टोपडं नको, तोंडाजवळ मोकळं कापड नको. गुंडाळायचंच असेल तर छातीशी दोन बोटं जातील एवढंच, आणि कमरेखाली सैल, गुडघे वाकून मांड्या फाकल्या पाहिजेत, बाळ आपले आपण घेतं तसे. कुशीवर वळायला लागलं की गुंडाळणं बंद. आणि दर वेळी, न चुकता, मी शेवटी म्हणायची, "हिराआत्या बांधते तसं बांधू नका. माझ्या सायलीचं काय झालं ते बघताय ना?" तू काही बोलायची नाहीस. एकदाच बोललीस. "तुज्या बावलीला पाय तरी हायत का सुटे? दोनी एकात शिवलेत." मी बघितलं, खरंच शिवलेले होते. पुढच्या बैठकीपर्यंत मी ते उसवून आणले. तुझं ऐकून, पण तुला न सांगता.

आता नव्या सुना आल्यात, त्यांची वेगळी तऱ्हा. उरणहून, पनवेलहून येतात आणि फोनवरून चेनची पिशवी मागवतात. त्यात बाळ घालायचं आणि गळ्यापर्यंत चेन ओढायची. कापड असं की पाण्याचा थेंब वरून घरंगळून जाईल. आपल्याकडच्या उकाड्यात! डोक्याला फुलांचा इलास्टिकचा पट्टा, तो फोटोसाठी. तू एकीची पिशवी हातात घेऊन उलटसुलट बघितलीस आणि विचारलंस, "यात बरफ खय टाकतात?" मी तोंड फिरवून हसले. तुझ्यासमोर हसायचं नाही असं मी ठरवलं होतं ना.

आणि तू सगळ्याच बाबतीत वाईट असतीस तर माझं काम सोपं झालं असतं. पाणी तू कोपर बुडवून बघायचीस, ते कधी एका बाळाला चटकलं नाही. रडून काळंनिळं झालेलं पोर तुझ्या पायांवर आडवं घेतलं की गप्प व्हायचं. मी प्रशिक्षणं घेतली, प्रमाणपत्रं घेतली, पण माझ्या हातात आलं की ते पुन्हा सुरू करायचं. मला याचा फार संताप यायचा. आई नसलेल्या मला तू त्याच हातांनी वाढवलंस, हे मला माहीत होतं म्हणून जास्तच यायचा.

बरं, आता पुरे झालं. इथवर जे लिहिलं ते मी पंचवीस वर्षं बोलतच आले, ते लिहायला तू मरायची गरज नव्हती. जे बोलले नाही ते आता सांगते.

सायली झाली ती दिवाळीनंतर, बोंबलाच्या ऐन दिवसांत. तू रोज सकाळी यायचीस, तिला न्हाऊ घालायचीस, बांधून झोपवायचीस आणि जाताना म्हणायचीस, "दुपारी उठली का सोड. तेल लाव, मोकली ठेव. पाय झाडू दे तिला." रोज म्हणायचीस, मी ऐकून कंटाळायची. सवा महिना झाल्या झाल्या मी किनाऱ्यावर कामाला लागले. बांबूच्या वलांड्यांवर बोंबील टाकायचे, पालटायचे, दव पडायच्या आत काढायचे. सासू नव्हती, नवरा बोटीवर. सुटी असली की सायली रडायची. बांधलेली असली की झोपायची. मग दुपारी पाजून झालं की मी तीच पट्टी उचलायची आणि पुन्हा बांधायची. तुझ्यासारखं खोचलेलं टोक मला जमायचं नाही, ते सुटायचं. म्हणून मी दोरीला मारतात तशी गाठ मारायची. दुपारची बांधलेली ती दिवेलागणीपर्यंत तशीच, आणि नवरा बोटीवरून आलेला असला की त्याची झोप मोडू नये म्हणून पुन्हा बांधलेली. असं पावसाळा तोंडावर येईपर्यंत चाललं. तोवर ती कुशीवर वळायला बघत होती, जमत नव्हतं, आणि मी शेजारणीला कौतुकानं सांगत होते की माझी पोर किती शहाणी आहे, जागची हलत नाही.

तू एका दुपारी अचानक आलीस. मी वलांडीवरून धावत घरी पोचले तर तू तिला सोडून मांडीवर घेतलेलं. तिच्या जांघेत पट्टीचे वळ उमटलेले. तू गाठ माझ्यासमोर धरलीस. "पोर हाय का सुकट, बांधून ठेवायला? मी एक झोप बांधतो, तू दिवस बांधतस." मी म्हटलं, तुला काय जातं बोलायला, तुझे बोंबील आहेत का वाळत? दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा बांधली. फक्त दाराला आतून कडी लावून मागच्या दारानं गेले, तू येशील म्हणून.

चौदाव्या महिन्यात सायली चालायला लागली ती बदकासारखी झुलत. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं, तू बरोबर होतीस. कारण माझं मूल घेऊन तुझ्याशिवाय मी कुठं गेले होते? डॉक्टर बाईंनी फोटो उजेडाला धरला. म्हणाल्या, काही मुलांचा खुबा जन्मतः सैल असतो, आपोआप बसतो, पण पाय सरळ करून घट्ट बांधले तर बसायला जागाच मिळत नाही. मग त्यांनी मला विचारलं, "तुम्ही बांधत होतात का? दिवसातून किती वेळ?"

आत्या, तू माझ्या उजव्या हाताला उभी होतीस. सायली तुझ्या कडेवर होती.

मी म्हणाले, "मी नाही. ही बांधते."

डॉक्टर बाई तुझ्यावर घसरल्या. चांगली दहा मिनिटं. अडाणीपणा, पोरांचे हाल, तुमच्यासारख्या बायांना आवरलं पाहिजे. तू डोक्यावरचा पदर सारखा केलास आणि सगळं ऐकून घेतलंस. माझ्याकडं एकदासुद्धा बघितलं नाहीस. गावात पोचायच्या आधी मी ते चौघींना सांगितलं होतं. खोटं काहीच बोलले नव्हते ना, तू बांधत होतीसच! अर्धं खरं किती सोयीचं असतं ते मी त्या दिवशी शिकले.

दोन वर्षं तुला कोणी बाळंतिणीकडं बोलावलं नाही. तू दुसऱ्यांचे बोंबील वाळवायला जायला लागलीस. आणि दुपारी, सगळी कामं सोडून, माझ्याकडं यायचीस. सायलीला छातीपासून पायापर्यंत प्लास्टर होतं, मांड्या फाकवलेल्या, ना आंघोळ ना कुशी. तू प्लास्टरच्या कडेशी बसून पंख्यानं आत वारा घालायचीस, तासन्‌तास, तिला आत खाज सुटते म्हणून. मी तुला पाणीसुद्धा विचारायची नाही. मनात म्हणायची, वाटतेय ना लाज, म्हणून येतेस. मला तसं खरंच वाटायला लागलं होतं. एवढ्या वेळा सांगितलं की माझं मलाच पटलं.

मी आशाताई झाले तीसुद्धा त्याच जोरावर. मुलाखतीत विचारलं, तुम्हाला हे काम का करायचंय? मी सायलीची गोष्ट सांगितली. तुझं नाव घेऊन.

दोन महिन्यांपूर्वी सायली बाळंत झाली. मुलगी. जावई उरणला कंटेनर यार्डात, म्हणून ती आपल्याकडंच आली. बाळाच्या खुब्यांची सोनोग्राफी केली, दोन्ही जागच्या जागी आहेत, हे तुला कळवलं नव्हतं मी. पाचव्या दिवशी तू आलीस. काठी टेकत, वाकलेली, काखेत धुऊन घडी केलेली जुनी लुगडी. म्हणालीस, "बांधत न्हाय गो. खाली अंथरायला हायत, मऊ हायत. एकदा न्हाऊ घालतो नि जातो." मी उंबऱ्यात उभी राहिले आणि म्हणाले, "एकीचा पाय घेतलास तेवढं पुरे." तू लुगडी ओट्यावर ठेवलीस आणि गेलीस. आत सायलीनं सगळं ऐकलं. तिनं तेव्हा मला अडवलं नाही. तिला तरी कुठं काय माहीत होतं.

त्यानंतर काही आठवड्यांतच तू कायमची गेलीस. सकाळी चहा मागितलास आणि चहा येईपर्यंत संपलीस.

दहाव्याला भाषण झाल्यावर जेवणाच्या पंगतीत एक बाई म्हणाली, "हात चांगला होता हो म्हातारीचा, पण हिच्या पोरीचा पाय मात्र गेला." सगळ्यांनी सायलीकडं बघितलं. सायली म्हणाली, "जाऊ दे, मावशी. तिला बिचारीला काय कळत होतं." तुला कळत नव्हतं! मी पानातला भात कालवत राहिले. तू मेल्यावरसुद्धा मी गप्प बसले, आत्या. जिवंत माणसाला घाबरणं समजू शकते मी, मी तर फ्लेक्सला घाबरले.

काल दुपारी सायली बाळाला गुंडाळत होती. माझ्याच पद्धतीनं, वर दोन बोटं, खाली सैल. मला म्हणाली, "आई, बरोबर आहे ना बघ." आणि मला सांगितल्याशिवाय राहवेना. सगळं सांगितलं. वलांड्या, गाठ, मागचं दार, डॉक्टर बाई. तिनं ऐकता ऐकता बाळाचं दुपटं सोडलं, पुन्हा घातलं, पुन्हा सोडलं. मग विचारलं, "आजी कधीच काही बोलली नाही? तुला नाही, मला नाही, कोणालाच नाही?"

मी म्हटलं, "नाही."

"आणि तरी तू तिला दारातून परत पाठवलंस."

मी म्हटलं, "तिला आत घेतलं असतं तर तुझ्यासमोर तिच्याकडं बघावं लागलं असतं."

सायलीनं माझ्याकडं बघितलं, आत्या. मी आजवर तुझ्याकडं जसं बघत आले ना, अगदी तसं. तिला ते कोणी शिकवलं नव्हतं. मग म्हणाली, "परवा तुझी बैठक आहे ना अंगणवाडीत? तू सांगणार आहेस की मी येऊन सांगू?"

मला तुझा अजून राग येतो. तू त्या इस्पितळात एवढंच म्हणायचं होतंस, हीसुद्धा बांधते. दोन शब्द. पण खरं सांगू? तू बोलली असतीस तर मी तुलाच खोटं पाडलं असतं, आणि तुला ते माहीत होतं. आपण वाढवलेली पोर केवढी नालायक आहे हे चारचौघांत दिसू नये म्हणून तू गप्प बसलीस. तुझ्या पट्टीपेक्षा घट्ट मला त्याच गप्प बसण्यानं बांधलं. बांधणं तुझं चुकीचं होतं, आत्या, ते मी उद्याही सांगणार. सरळ पाय, टोपडं, राईची उशी, सगळं चूक. पण तू एक झोप बांधायचीस आणि सोडायला सांगायचीस. दिवसभर बांधलं ते मी.

उद्या अकरा वाजता बाया येतील. काही ओल्या बाळंतिणी असतील, काही पोटुशा, आणि त्यांच्या सासवा, ज्यांनी माझ्या सांगण्यावरून तुला दोन वर्षं घरात घेतलं नव्हतं. शेवटचं वाक्य दर वेळी माझं ठरलेलं असतं, त्या वाटच बघत असतात. उद्या तिथं मी म्हणणार आहे, सायलीला मी बांधलं होतं. सायली पहिल्या रांगेत बसणार आहे, मुलीला घेऊन. मी चुकवलं तर ती उठेल, असं तिनं मला सांगून ठेवलंय.